व्यर्थ नाही: पंडिता रमाबाई आणि पुनरुत्थानाची आशा

आजचं वाचन: १ करिंथ, अध्याय १५
मननासाठी: वचन ५८



ईस्टरनंतरच्या या दिवसांत आपण रोज पुनरुत्थानाचा एकेक उतारा वाचतोय. आजचा अध्याय मोठा आहे, अठ्ठावन्न वचनांचा. ट्रेनमध्ये वाचणार असाल तर निदान शेवटची दहा वचनं तरी वाचाच.

पौल आधी साक्षीदार सांगतो. पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधू, याकोब, आणि सगळ्यांत शेवटी तो स्वतः. मग तो सरळ सांगून टाकतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास पोकळ आहे. पुढे पेरलेल्या दाण्याचं उदाहरण येतं, शेवटचा कर्णा येतो, मरणाला दिलेलं आव्हान येतं. वाचताना अंगावर काटा येतो. आणि मग शेवटचं वचन. मला नेहमी वाटायचं की एवढ्या उंचीवर गेलेला हा अध्याय स्वर्गाच्या दारातच संपायला हवा होता. पण तो कामावर येऊन संपतो. पौल म्हणतो की म्हणून ढळू नका, प्रभूच्या कामात गुंतून राहा, कारण तुमचे श्रम वाया जाणार नाहीत.

हे वचन मला यंदा पहिल्यांदा टोचलं. आत्याला जाऊन पाच आठवडे झाले. दफनविधीला पाळकांनी हाच अध्याय वाचला. मी मूठभर माती टाकली, आमेन म्हटलं, घरी आले, आणि मग कशातच मन लागेना. ऑफिस, अभ्यासगट, चर्चची युथ मीटिंग, सगळं कशासाठी करायचं असं वाटायला लागलं. विश्वास गेला नव्हता. आत्या प्रभूजवळ आहे हे मी कोणालाही ठामपणे सांगितलं असतं. पण सोमवारी सकाळी उठून कामाला लागायला तो विश्वास उपयोगी पडत नव्हता. आत्या कितीतरी वर्षं संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तो वर्ग आता तू घेशील का, असं चर्चमधून मला दोनदा विचारून झालंय आणि मी दोन्ही वेळा टाळलंय.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. शाळेच्या पुस्तकात आपल्याला समाजसुधारक रमाबाई भेटतात. या वेळी मी वेगळ्या नजरेने वाचत होते. या बाईने आयुष्यात किती जणांना निरोप दिला आणि प्रत्येक निरोपानंतर काय केलं, एवढंच बघत गेले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात ही गोष्ट लोकांना खपण्यासारखी नव्हती. पुढे आईने रमेला शिकवलं. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत फिरायचं, देवळात नाहीतर नदीच्या घाटावर पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायचं. छोट्या रमेला हजारो श्लोक पाठ होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते संपलं. अंगमेहनतीचं काम येत नव्हतं आणि भीक मागायची लाज वाटत होती. १८७४ मध्ये वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. आईला न्यायचं तर स्मशान लांब, आणि खांदा द्यायला कोणी येईना. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा भावाचा, चौथा रमेचा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. वय सोळा-सतराच्या आसपास. तुमच्यातले काही जण आत्ता त्याच वयाचे असतील. त्यानंतर थोरली बहीण कॉलऱ्याने गेली.

उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे निघाले, पार काश्मीरपर्यंत. पंजाबात झेलम नदीच्या काठावर कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रमाबाईंनी ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे आणि खड्ड्यांना कबरीची उपमाही त्यांचीच आहे. पौलाचा दाणाही असाच मातीत जातो. त्या रात्री रमेला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला फक्त सकाळपर्यंत जगायचं होतं.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झालं. पण दोन वर्षांत, १८८० मध्ये, भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे टीका झालीच. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा ठेवलं. ही तारीख लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

मुलगी दहा महिन्यांचीही झाली नव्हती, तेव्हा फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. सगळे.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, मराठीत पुस्तक लिहिलं आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथे धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीचा तिथेच फार दुःखद अंत झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण थांबतो आणि म्हणतो की चला, बाप्तिस्मा झाला, आता सगळं नीट होईल. रमाबाईंचं तसं झालं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. इंग्लंडमध्ये त्या आपल्या ख्रिस्ती शिक्षिकांशी त्र्येकत्वावरून, येशूच्या देवत्वावरून बरोबरीने वाद घालत होत्या. नुसतं सांगितलं म्हणून मान्य करायचं, हा त्यांचा स्वभावच नव्हता. शंका येतात म्हणून स्वतःला कमी विश्वासाचे समजणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळालेला नाही. त्या वेळी एक पुस्तक त्यांच्या कामी आलं. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं ते आत्मकथन. हे गृहस्थ आधीच पाळक होते आणि स्वतःच्याच उपदेशाच्या मध्यावर त्यांचं हृदय पालटलं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो, मरणातून जीवनात.

म्हणजे पुनरुत्थान त्यांना आधी कबरीच्या पलीकडे भेटलं नाही. ते भेटलं अलीकडे, चालत्या आयुष्यात. येशू जिवंत आहे आणि मी आज त्याच्याशी बोलू शकते, हे त्यांना उमगलं. मग पौलाचा मुद्दा आपोआप कळतो. ख्रिस्त उठला नसेल तर येशू हा आपला एक आदरणीय, मेलेला गुरू उरतो. उठला असेल तर तो आत्ता या खोलीत आहे.

मध्यंतरी १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं होतं, विधवा आणि निराधार मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत यावरून १८९३ च्या सुमारास मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळातल्या मोठ्या लोकांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं. रमाबाई थांबल्या नाहीत.

मग १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. मला या जागी त्यांचं चरित्र खाली ठेवावं लागलं. ज्या बाईने दुष्काळात आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिने दुष्काळ या शब्दापासून पळायला हवं होतं. कोणी नाव ठेवलं नसतं. त्या उलट तिथेच गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आणल्या. त्या सुमारास केडगावात दीड हजारांहून जास्त माणसं राहत होती. आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. काहींना पुरावंही लागलं. पण ज्या वाचल्या त्या शिकल्या, विणकाम, शेती, छपाई करू लागल्या. आंधळ्या मुलींना मनोरमाने ब्रेल शिकवलं.

इथे मला पुनरुत्थानाचा एक अर्थ नव्याने कळला. आपल्या ऑफिसातले मित्र कधीकधी विचारतात की पुनरुत्थान म्हणजे तुमचा पुनर्जन्मच ना? नाही. पुराणं तोंडपाठ असलेल्या रमाबाईंना हा फरक आपल्यापेक्षा चांगला कळत असणार. पुनर्जन्मात आत्मा जुनं शरीर टाकून दुसरं घेतो, आधीचं नाव आणि आधीची नाती सुटतात. पुनरुत्थानात तीच व्यक्ती उठते. योहान २० मध्ये मरीया बागेत रडत उभी आहे आणि येशू तिला तिच्या नावाने हाक मारतो. थोमाला तो हातावरच्या खुणा दाखवतो. शरीर तेच, खुणा त्याच, आणि तरी मरणाची सत्ता त्यावर उरलेली नाही. ज्याचा यावर विश्वास आहे त्याला शरीर ही फेकून द्यायची वस्तू वाटत नाही. मग एका उपाशी पोरीला आंघोळ घालणं, उवा काढणं, पेज भरवणं ही समाजसेवा तर असतेच, पण देव ज्या शरीराला एक दिवस उठवणार आहे त्याचा तो मान असतो. ती पोर आठवड्यात गेली तरी ती पेज वाया जात नाही.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे मराठी पवित्र शास्त्र. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांना ते हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्याच बायकांनी खिळे जुळवले, छापलं, बांधलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं, तब्येत ढासळत होती. पण काळजी नव्हती, कारण मनोरमा होती. बी.ए. झालेली, शाळा सांभाळणारी, गुलबर्ग्याला नवी शाळा उभी करणारी, आईचा उजवा हात. आईनंतर मुक्ती तीच बघणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळिसाव्या वर्षी. आई मागे राहिली.

मी त्या पानावर बराच वेळ अडकले. सुरुवातीच्या निरोपांपैकी एका वेळी रमेच्या डोक्यावर आईची तिरडी होती, आणि शेवटचा निरोप पोटच्या मुलीचा होता. आता तरी बाईंनी हात टेकायला हवे होते. काम कोणासाठी करायचं? वारस कुठे आहे? पण त्या पुढचे आठ महिने अनुवादाची मुद्रितं तपासत राहिल्या. काम पुरं होईपर्यंतचे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते, असं सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं. ते हातात घ्यायला आई नव्हती, मुलगी नव्हती. वाचणाऱ्या बायका मात्र होत्या.

आता ती तारीख. मी जुनी कॅलेंडरं तपासली. १८८१ मध्ये ईस्टर १७ एप्रिलला होता. म्हणजे मनोरमा पवित्र शनिवारी जन्मली, येशू कबरेत असतानाच्या दिवशी. आणि १९२२ चा ईस्टर, रमाबाई गेल्यानंतर अकरा दिवसांनी आलेला, १६ एप्रिलला होता. मनोरमेच्या वाढदिवशी. यात गूढ काही शोधू नका, तारखा अशा जुळतात. पण त्या वर्षी केडगावच्या मंडळीत कोणीतरी हे लक्षात आणून दिलं असेल का, आणि ईस्टरची गीतं गाताना त्यांचे गळे कसे दाटून आले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक अवघड प्रश्न राहतो. तुमच्यातले जे घरात एकटेच विश्वासात आहेत त्यांच्या मनात तो येणारच. रमाबाईंचे आई-वडील, बहीण, भाऊ ख्रिस्ताला न ओळखता गेले. त्यांचं काय? मी इथे झटपट उत्तर देणार नाही. अब्राहामाने देवाशी बोलताना जे धरून ठेवलं तेच मी धरते, की सगळ्या पृथ्वीचा न्याय करणारा न्यायानेच वागेल (उत्पत्ती १८:२५). आपली माणसं आपल्यापेक्षा जास्त प्रेम करणाऱ्याच्या हातात आहेत. तिथे ठेवून आपण आपल्या कामाला लागायचं.

माझी चूक मला इथे कळली. पुनरुत्थानाची आशा मी फक्त गेलेल्यांसाठी ठेवली होती, आत्यासाठी. मागे राहिलेल्या माझ्यासाठी त्यात काही आहे असं मी धरलंच नव्हतं. आणि ही आशा असली की रडू येत नाही, असाही माझा एक समज होता. लाजराच्या कबरेपाशी, त्याला उठवायला पाच मिनिटं उरलेली असताना, येशू स्वतः रडला. रडायला परवानगी आहे. पण मरणाचा शब्द शेवटचा नसेल तर आपण करतो ते छोटं काम मरणाच्या हाती लागत नाही. मुलांना शिकवलेली गोष्ट, आजारी शेजाऱ्याला नेऊन दिलेला डबा, कोणी वाचो न वाचो पण तपासलेलं एक पान, हे सगळं प्रभू जपून ठेवतो. म्हणूनच पौलाचा तो भलामोठा अध्याय कामावर येऊन संपतो.

काल रात्री मी चर्चमध्ये मेसेज टाकला की या रविवारपासून आत्याचा वर्ग मी घेते. तिची वही माझ्याकडेच आहे. शेवटच्या रविवारी ती जिथे थांबली होती तिथे तिने पेन्सिलने खूण केली आहे. तिथूनच सुरू करणार आहे.

आज एवढंच करा. कोणी गेल्यामुळे किंवा मन खचल्यामुळे तुम्ही अर्धवट सोडलेलं एक काम आठवा. मोठं नको. त्याची पुढची एक पायरी आज उचला.

प्रार्थना करू या.
प्रभू येशू, तू जिवंत आहेस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमची जी माणसं आमच्या आधी गेली त्यांना आम्ही तुझ्या हाती देतो. ज्यांच्या घरात आज रिकामी खुर्ची आहे त्यांच्याजवळ बस. रमाबाईंना दिलीस ती चिकाटी आम्हालाही दे. आमचे हात पुन्हा कामाला लाव, आणि तुझ्यात केलेलं काहीच वाया जात नाही हा भरवसा आमच्या मनात पक्का कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन लूक २४, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं. उद्या भेटू.